प्रश्न सातवा : घरी कोण आहे?

३ मार्च

ढब्बू,

चिरंजीव, आशीर्वाद वगैरे काही लिहीत नाही. माझा राग गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मधेच कुठे माझा सूर मऊ लागला तर तुझा गैरसमज व्हायला नको. हे कामाचं पत्र आहे. एक प्रश्न आहे. त्याचं उत्तर एका ओळीत पाठव आणि मोकळा हो.

आज मी तुला पाहिलं. भिंतीवर.

माझं काम काय आहे ते तू कधी नीट ऐकून घेतलं नाहीस, सांगायला लागले की जांभया द्यायचास, म्हणून थोडक्यात सांगते. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांवर देखरेख ठेवणारे अधिकारी असतात. हा माणूस पुन्हा गुन्ह्याकडे वळेल का, त्याला किती मोकळं सोडायचं, त्याने राहायचं कुठे, काम कुठे करायचं, हे ते ठरवतात. त्यासाठी एक प्रश्नावली असते. प्रत्येक उत्तराला गुण असतात, आणि बेरीज झाली की धोका कमी, मध्यम की जास्त ते कळतं. कळतं म्हणजे कागदावर. ही प्रश्नावली कशी वापरायची ते अधिकाऱ्यांना शिकवतात, आणि त्या शिकवण्याचा काही उपयोग होतो की नुसतीच बिस्किटं खपतात, हे बघायला मला पाठवतात. म्हणजे शिकवणाऱ्यांच्या चुका काढणं हे माझं काम. तू म्हणशील, ताई घरी जे हौसेने करायची त्याचीच तिला नोकरी लागली. म्हण.

तर आजचा वर्ग. लांबट खोली, खिडक्या बंद, खुर्च्यांना लिहायची फळी उजव्या हातालाच. डावखुऱ्यांनी काय करायचं, हे मी पहिल्याच पानावर लिहून ठेवलं. प्रशिक्षकांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात. हुशार माणूस, आवाज खणखणीत, हातात कायम तो भिंतीवर लाल ठिपका पाडणारा दिवा. त्यांनी खोलीतले दिवे घालवले, म्हणाले, "आता सरावाची मुलाखत," आणि भिंतीवर तू आलास.

राखाडी शर्ट, बारीक कापलेले केस, पाठीला पोक काढून बसलेला. (पोक काढू नकोस म्हणून किती वर्षं सांगत होते मी.) समोर कोणी बाई प्रश्न विचारते आहे, तिचे फक्त हात दिसतात. आणि तू मारामारी आणि चोरीसाठी आत जाऊन आलेला. खरं सांगते, मला वाटलं, गेला हा वाया, आणि मला कोणी कळवलंही नाही. मग खाली अक्षरं आली, की हा व्हिडिओ सरावासाठी आहे आणि भूमिका नटाने केली आहे. जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या पुन्हा राग आला.

सातवा प्रश्न होता, "घरी कोण आहे?"

तू म्हणालास, "बहीण आहे. थोरली." मग तू वर बघितलंस, छताकडे. बराच वेळ. मग मान खाली.

सरांनी व्हिडिओ थांबवला. लाल ठिपका तुझ्या हनुवटीवर. "काय दिसलं?"

"खोटं बोलतोय!" अख्खी खोली एका आवाजात.

"कशावरून?"

"वर बघितलं, सर."

"बरोबर. वर बघणारा रचत असतो," सर म्हणाले. सातव्या प्रश्नापुढे सगळ्यांनी लिहिलं, घरचा आधार नाही. मॉडेल उत्तरही तेच. म्हणजे खोलीभर माणसांनी मिळून ठरवलं की तुला बहीण नाही, आणि मी मागच्या रांगेत मूग गिळून बसले आणि वहीत नोंद केली, की प्रशिक्षणार्थींचं एकमत उत्तम आहे.

माझा प्रश्न असा. त्या जागी तुला खोटं बोलायला सांगितलं होतं का? हो की नाही. माझ्या अहवालासाठी हवं आहे. तुझा फोन बंद लागतो. पत्ता सरांच्या ऑफिसातून घेतला. उलट टपाली कळव.

ताई

(आधी 'तुझी' लावलेलं नाही, हे लक्षात यावं.)


११ मार्च

ढब्बू,

उत्तर नाही. हो किंवा नाही, एवढंच तर मागितलं होतं. आमच्या प्रश्नावलीत 'सांगता येत नाही' असाही एक चौकोन असतो. हवा तर तो घे, पण काहीतरी पाठव.

मी दरम्यान स्वस्थ बसलेली नाही, ते मला जमत नाही. चहाच्या वेळी सरांना गाठलं. म्हटलं, "त्या व्हिडिओची संहिता बघायला मिळेल का?"

"संहिता कसली? नटाला एक पान माहिती दिली होती. वय काय, गुन्हा काय, दारू किती. बाकी त्याने मनाने बोलायचं. म्हणून तर इतकं खरं वाटतं!"

"मग सातव्या प्रश्नाला तो खोटं बोलतोय, हे कोणी ठरवलं?"

"आम्ही तिघा तज्ज्ञांनी. व्हिडिओ पाहिला आणि हात वर केले. तिघांचं एकच मत."

"नटाला विचारलं नाहीत?"

सर हसले. कुचकट नाही, बिचाऱ्यांना खरोखर गंमत वाटली. "मॅडम, त्याला काय विचारायचं? तो नट आहे."

म्हणजे घरचं त्या पानावर काही नव्हतं. बहीण तू पदरची घातलीस. ती खोटी म्हणून घातलीस की खरी म्हणून, हे जगात एकाच माणसाला माहीत आहे आणि तो पत्राला उत्तर देत नाही.

मला मात्र वाटतं की मला माहीत आहे. तू वर का बघतोस ते माझ्याशिवाय कोणाला कळणार? "रडू आलं की वर बघ, पाणी परत जातं," हे आईने आपल्या दोघांना शिकवलं होतं. गुडघा फुटला, वर बघ. नापास झालो, वर बघ. कुत्रं मेलं तेव्हा आपण दोघं मागच्या पायरीवर बसून इतका वेळ वर बघत होतो, की शेजारच्या काकाही बाहेर आले आणि विमान शोधायला लागले. सरांना हे कसं कळणार? त्यांची आई वेगळी.

आणि तेच वाक्य तू चारचौघांत विकलंस. हो, मी तेही काढणार आहे. आईला जाऊन वर्ष झालं नव्हतं. तू रंगमंचावर एकटाच, आणि तू आई झाला होतास. कमरेवर हात ठेवणं, ओल्या हाताने केस मागे सारणं, किल्ल्या सापडेनाशा झाल्या की स्वतःशीच कडाकडा भांडणं. लोक पोट धरधरून हसत होते. मग तू मान वर केलीस आणि तिच्याच आवाजात म्हणालास, "वर बघ, पाणी परत जातं." आणि पुन्हा हशा. मी उठले. तुझे भावोजी म्हणाले, "अगं, शेवट तरी बघू." मी म्हटलं, तुम्ही बघा. तेही उठले, त्यांना बसची काळजी. तू त्यानंतर एकदाही विचारलं नाहीस की ताई का उठली, आणि न विचारता मी कशाला सांगू? तिथून आपलं बोलणं बंद पडलं ते पडलंच.

असो. कामाचं पत्र आहे.

काल एका शाखेत गेले होते. शिकून गेलेले अधिकारी खऱ्या माणसांच्या बाबतीत ती प्रश्नावली कशी वापरतात ते बघायला. तिथली एक मुलगी प्रशिक्षणाच्या परीक्षेत पहिली आली, तेव्हापासून तिला सगळे 'पहिला नंबर' म्हणतात. टेबल लख्ख, पेन्सिली टोकदार, खोटी नम्रता नाही. मला लगेच आवडली. तिच्याकडच्या एका माणसाची फाईल पाहिली. नाव सांगायची मला परवानगी नाही आणि तुला गरज नाही. तो माळी आहे. आत असताना झाडांचं काम शिकला. गावाबाहेरची एक रोपवाटिका त्याला कामावर घ्यायला तयार आहे, आणि त्याची बहीण तिथून जवळ राहते. पण त्याचा धोका 'जास्त' निघाला आहे, त्यामुळे त्याने संस्थेच्या निवासातच राहायचं आणि रोज हजेरी लावायची. रोज हजेरी लावून रोपवाटिका जमत नाही. मी बेरीज तपासली. 'मध्यम' आणि 'जास्त' यांच्यामध्ये उभा आहे तो फक्त सातवा प्रश्न.

"घरी कोण आहे विचारलं तर म्हणाला, बहीण आहे," पहिला नंबर सांगत होती. "आणि वर बघितलं, मॅडम. अगदी व्हिडिओसारखंच!"

"मग बहिणीला विचारलंत?"

"कोणाला?"

"त्याच्या बहिणीला. फोन केलात? घरी गेलात?"

ती म्हणाली, "पण सरावात आपण फोन करत नाही ना, मॅडम."

अरे, खरंच करत नाहीत! व्हिडिओतल्या माणसाच्या घरी फोन करता येत नाही. त्याच्या बहिणीचं दार वाजवता येत नाही. दिवसचे दिवस भिंतीवरच्या माणसाकडे बघून या लोकांना सवय लागली आहे, की माणसाचं घर त्याच्या तोंडावरच शोधायचं असतं. पुस्तिकेत एक पान आहे, 'घरच्यांशी बोलून खात्री करावी'. पण परीक्षेत त्याला गुण नाहीत, म्हणून ते पान सगळ्यांच्या पुस्तिकेत कोरं करकरीत आहे.

आणि हे सगळं ते तुझ्या तोंडावर शिकलेत, ढब्बू. म्हणून विचारते आहे. सातव्या प्रश्नाला तू खरं बोललास का?

ताई


१९ मार्च

ढब्बू,

आज आपली पत्रपेटी बघितली आणि खालच्या मजल्यावरच्यांचीही, कारण पोस्टमन कधीकधी चुकतो. त्यांनी मला तसं करताना पाहिलं. आता त्यांना वाटतं मी त्यांची पत्रं वाचते. भावोजी म्हणतात, घरात येरझाऱ्या घालू नकोस, जमीन झिजेल. त्यांना म्हटलं, मग तुम्ही उत्तर लिहा त्याच्या वतीने.

काल मी वर्गात बोलले. मूल्यमापन करणाऱ्याने वर्गात बोलायचं नसतं, कोपऱ्यात बसून लिहायचं असतं. पण सरांनी उजळणीसाठी तुला पुन्हा भिंतीवर लावलं, हनुवटीवर लाल ठिपका, पुन्हा खोलीभर "खोटं!", आणि माझ्या तोंडून गेलं, "याच्या बहिणीचं दार कोणी वाजवलं?"

सगळे वळून बघायला लागले. मग एक जण म्हणाला, "मॅडम, तो नट आहे." हशा पिकला. मीही हसले, काय करणार? हसली नाही ती फक्त पहिला नंबर. ती उजळणीला आली होती. जेवणाच्या सुट्टीनंतर तिची खुर्ची रिकामी दिसली.

आज तिचा फोन आला. ती सरळ माळ्याच्या बहिणीकडे गेली होती.

तुला सांगते, फोन उचलताना माझ्या डोक्यात पुढचं सगळं तयार होतं. बहीण दार उघडते, डोळ्याला पदर लावते, त्याची गादी घातलेलीच असते, आणि मी अहवालात चांगला परिच्छेद लिहिते. परिच्छेदाची पहिली दोन वाक्यं तर सुचलीही होती.

बहिणीने दार अर्धंच उघडलं. आतली साखळी तशीच. म्हणाली, "इथे राहायला पाठवू नका त्याला. मला भीती वाटते त्याची. घरात लहान मुलं आहेत." आणि दार लावलं.

"मॅडम, म्हणजे माझं बरोबरच होतं ना?" पहिला नंबरने विचारलं. तिच्या आवाजात आनंद नव्हता, तेवढं मात्र ऐकू आलं.

मी काय सांगणार? तो वर बघून म्हणाला बहीण आहे, आणि बहीण म्हणते नाही. सर बरोबर, तज्ज्ञ बरोबर, सगळी खोली बरोबर. आणि मी गेले दोन आठवडे तुझ्या वर बघण्याचा जो अर्थ उराशी धरून बसले आहे, तो माझ्या सोयीचा. तू नट आहेस. तुला हवं तेव्हा वर बघता येतं. आईचं वर बघणं तू तिकीट लावून दाखवलं होतंस, मग हेही त्यातलंच कशावरून नाही? तुला त्या क्षणी एक खोटं हवं असेल, आणि हाताशी होतं ते उचललं असशील. ते मी होते.

खोडणार होते हे वाक्य. राहू दे.

पण फोन तिथे संपला नाही. पहिला नंबर जिना उतरून रस्त्यावर आली, आणि वरून हाक आली. माळ्याची बहीण गॅलरीत उभी. "अहो बाई! जेवतो का तो नीट? त्याला दूध पचत नाही, सांगितलंय का त्याने तिथे? सांगणार नाही तो. तुम्ही सांगा."

"आता याला किती गुण देऊ, मॅडम?" पहिला नंबर अगदी मनापासून विचारत होती.

विचार करून सांगते म्हटलं. अजून करतेच आहे. ढब्बू, मला झोप लागत नाही असं नाही, लागते. पण दिवसा कुठे बसवत नाही. बसमध्येही उभी असते, जागा असली तरी.

ताई


२४ मार्च

ढब्बू,

मोठ्या बाईंना सांगितलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या कार्यालयाच्या प्रमुख, चणीने माझ्या खांद्याला लागतात, पण समोर उभं राहिलं की आपणच लहान होतो. ज्याचं मूल्यमापन करायचं त्यात आपलं नात्याचं कोणी नसावं, हा आमचा पहिला नियम. मी म्हटलं, "व्हिडिओतला माणूस माझा सख्खा भाऊ आहे. आणि सातव्या प्रश्नाचं मॉडेल उत्तर चुकीचं आहे."

त्यांनी कप खाली ठेवला. "पुरावा?"

"तो म्हणाला थोरली बहीण आहे. मी आहे ना! ही काय तुमच्यासमोर उभी."

"तुम्ही आहात हे दिसतंय मला," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुम्ही त्याची बहीण आहात, हे सिद्ध झालं. त्याला बहीण आहे का, हे कुठे सिद्ध झालं?"

मी त्यांच्या टेबलावरच्या फायली सरळ करायला लागले. त्या सरळच होत्या.

"बोलणं आहे का तुमचं?"

"पत्रं लिहिली आहेत. उत्तर नाही."

"दार वाजवलंत?"

त्या माझाच कच्चा अहवाल उघडून बसल्या होत्या, आणि त्यात मीच जाड अक्षरात लिहिलं होतं, की दार वाजवल्याशिवाय सातव्या प्रश्नाचं उत्तर भरू नये. त्यांनी ते बोटाने दाखवलंही नाही. फक्त पान माझ्याकडे फिरवलं. "आकड्यांचा भाग दुसऱ्या कोणाला देते. हे पान तुम्हीच लिहा, वर नातं लिहून. पण अंदाज नको. महिनाअखेर चालेल."

धुसफुसत बाहेर आले. बाई बरोबर बोलल्या की मला फार राग येतो.

पहिला नंबर माझी वाट बघत थांबली नाही, हेही सांगते. ती त्या घरी पुन्हा गेली. बराच वेळ साखळीतून बोलणं झालं म्हणे. ठरलं ते असं, की राहायला नाही, पण रविवारी दुपारी जेवायला यायचं, आणि पहिले काही रविवार हिने सोबत यायचं. हजेरी रोजची एक दिवसाआड करण्यासाठी तिने वर लिहिलं आहे, म्हणजे रोपवाटिकेत निदान अर्धं काम मिळेल. माळी हे ऐकून काय म्हणाला विचारलं. "काही नाही. वर बघत बसला," ती म्हणाली. आणि सातव्या प्रश्नापुढचे आहे-नाहीचे दोन्ही चौकोन तिने रिकामे ठेवले आणि बाजूला हाताने लिहिलं, 'दार अर्धं उघडं.' सर चिडणार आहेत. चिडू देत.

आता माझं. तुझं गाव इथून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहे. जाऊन यावं, हे मला इतक्या दिवसांत एकदाही सुचलं नाही, असं म्हणणं खोटं होईल. सुचलं, आणि मी पाकिटाला तिकीट लावलं. कारण सांगू? ते साखळी लावलेलं दार माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तू दार अर्धं उघडशील. म्हणशील, "कोण पाहिजे?" पत्राला उत्तर आलं नाही तर मनाची कशीही समजूत घालता येते. पोस्टमन चुकतो, पत्ता जुना असतो. तोंडावर दार लागलं की काय समजूत घालायची? मला भीती वाटते आहे, ढब्बू. तू धाकटा आहेस आणि मला तुझी भीती वाटते आहे.

शुक्रवारी येते आहे. या पत्राच्या आधी मीच पोचेन बहुतेक. तरी टाकते, हाताला काहीतरी चाळा हवा.

ताई


२८ मार्च, तुझ्या दारासमोर

ढब्बू,

कागद शिवणाचा आहे, त्यावर कोणाच्या तरी बाहीची आखणी आहे. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.

बसमधून उतरले तेव्हा परत जाणारी बस समोरच उभी होती. तिच्या पायरीवर एक पाय ठेवलाही होता. कंडक्टर म्हणाला, "बाई, चढताय की उतरताय?" मग उतरले.

तुमचा जिना चढताना मी काय काय बोलत होते ते मला आठवत नाही. घाबरले की मी बोलते. तुझं दार वाजवलं. थांबले. पुन्हा वाजवलं. आत काही हालचाल नाही. मला वाटलं, आत उभा आहे आणि उघडत नाही. तिसऱ्यांदा वाजवायला हात उचलला, तर समोरचं दार उघडलं. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. त्या बाईंनी टाचण्या काढून मनगटाच्या उशीला टोचल्या, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही ताई."

विचारलं नाही रे. सांगितलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"केव्हाची ऐकतेय ना. कठडा हलतो, पायऱ्या एकसारख्या नाहीत, तिसऱ्या मजल्यावर बल्ब नाही. त्याने सांगूनच ठेवलंय, ताई कधी आली तर ओळखायला काही कष्ट नाहीत, जिन्यापासून चुका काढत येईल. या, आत या. तो नाहीये."

तू फेब्रुवारीपासून दौऱ्यावर आहेस. फोन जायच्या आधीच पाण्यात पडला. उद्या, शनिवारी, येणार आहेस. शिंपीणबाईंच्या शिलाई मशीनशेजारच्या फळीवर माझी सगळी पत्रं कापडाच्या चिंधीने बांधून ठेवली आहेत. एकही उघडलेलं नाही. शेवटचं तर आज सकाळीच आलं म्हणाल्या.

म्हणजे तू उत्तर दिलं नाहीस, असं झालंच नाही. तुला कोणी काही विचारलेलंच नव्हतं. आणि मी घरात जमीन झिजवत तुझ्या गप्प बसण्याला गुण देत होते. पहिला नंबर निदान एकदाच चुकली.

शिंपीणबाईंनी चहा केला. म्हणाल्या, "आईचाच प्रयोग घेऊन गेलाय. तुम्ही पाहिला असेल."

"अर्धा."

"अर्धा पाहून काय उपयोग? अर्ध्यापर्यंत सगळे हसतात. शेवटी कोणी हसत नाही. मी तर तीनदा पाहिला, तिन्ही वेळा रुमाल विसरले." मग माझ्या कपात आणखी साखर घालत म्हणाल्या, "शेवटी तो पुढच्या रांगेतली एक खुर्ची रिकामी ठेवायला लावतो. थिएटरवाले भांडतात, तरी ऐकत नाही. म्हणतो, ती उठून गेलीय, येईल परत."

कप खाली ठेवला. मी वर बघितलं. छताला नुकताच रंग दिलेला, बघण्यासारखं काही नव्हतं, तरी मी बघत राहिले. सर असते तर लाल ठिपका माझ्या हनुवटीवर आला असता.

शिंपीणबाईंनीही वर बघितलं. मग माझ्याकडे. "आता तुम्हीही? तुमचा विषय निघाला की तोही असाच बसतो माझ्या छताकडे बघत. मला वाटायचं, जाळी दिसतात याला. दोनदा झाडू फिरवला मी, आणि मग रंगच दिला."

सातव्या प्रश्नाचं पान मी आज लिहिते. उद्या पुन्हा येते. बल्ब मी आणते.

तुझी ताई